जीर्णोद्धार की संपादन? : पुनःस्थापित चित्रपट आणि पाठचिकित्सेचे मौन

जुन्या चित्रपटाच्या डिजिटल पुनःस्थापनेला मराठीत सर्रास ‘जीर्णोद्धार’ म्हटले जाते आणि या एका शब्दाबरोबर एक अख्खा गैरसमज समीक्षेच्या अंगणात शिरतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर तैलरंगाची पुटे कशी चढतात, हे वऱ्हाडात हिंडणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. भाविकाच्या दृष्टीने देऊळ उजळलेले असते. छिन्नीचा माग बुजला याचे त्याला सुखदुःख नसते. चित्रपटाच्या बाबतीत भाविकाच्या जागी रसिक येतो, एवढाच फरक. कृती ‘मूळ रूपात’ परत आली, असे तो निःशंकपणे मानतो. ज्याने हा समज तपासायचा तो समीक्षकही त्याच रांगेत हात जोडून उभा असतो, ही खरी तक्रार आहे.

मुळात ‘मूळ रूप’ कशाला म्हणायचे? घरगुती पडद्यासाठी नव्याने सिद्ध झालेल्या ब्रिटिश नॉयर चित्रपटांनी हा प्रश्न टाळता येणार नाही इतक्या ठळकपणे पुढे आणला आहे. कॅरल रीड यांच्या ‘द थर्ड मॅन’ (१९४९) या चित्रपटाची फोर-के प्रत २०१५ साली कान महोत्सवात दाखविली गेली आणि नंतर ती घरोघरी पोचली. परंतु या चित्रपटाच्या दोन संहिता आहेत. ब्रिटिश संहितेच्या प्रारंभी युद्धोत्तर व्हिएन्नाची ओळख करून देणारा आवाज खुद्द रीड यांचा आहे. अमेरिकेसाठी निर्माता सेल्झनिक यांनी सुमारे अकरा मिनिटे कापली आणि निवेदन जोसेफ कॉटन यांच्या, म्हणजे नायकाच्या, तोंडी घातले. हा किरकोळ फरक नव्हे. एकात निवेदक कथेबाहेरचा, काळ्या बाजाराशी परिचित, काहीसा निर्ढावलेला आहे. दुसऱ्यात तो कथेतला, फसविला गेलेला आणि म्हणून सहानुभूतीस पात्र आहे. निवेदनमीमांसेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी कोणती प्रत पाहिली, यावर त्याचा निष्कर्षच उलटू शकतो. ज्यूल्स डॅसिन यांच्या ‘नाइट अँड द सिटी’ (१९५०) या लंडनमध्ये चित्रित झालेल्या कृतीची अवस्था तर अधिक बिकट आहे. ब्रिटिश प्रतीला संगीत बेंजामिन फ्रँकेल यांचे, अमेरिकन प्रतीला फ्रान्झ वॅक्समन यांचे; लांबीही वेगळी. दोन्ही त्याच वर्षी प्रदर्शित झाल्या. यांपैकी एकीला ‘मूळ’ आणि दुसरीला ‘भ्रष्ट’ ठरविण्याचा अधिकार तंत्रज्ञाला कोणी दिला?

हा पाठभेदाचा प्रश्न आहे आणि मराठी विद्वत्तेला तो अपरिचित नाही. योगायोग असा की, पुण्याच्या ज्या लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, त्याच रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आहे. पहिल्या संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास पाच दशके महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वेचली. हस्तलिखितांच्या शाखा लावल्या, प्रत्येक श्लोकाखाली नाकारलेले पाठ छापले. सिद्ध झालेली संहिता ही व्यासांची मूळ संहिता नव्हे, उपलब्ध पुराव्यावरून गाठता येणारे तिचे प्राचीनतम रूप आहे, ही मर्यादा सुकथनकरांनी स्पष्टपणे मांडली. दुसऱ्या संस्थेच्या कामाविषयी लिहिताना मात्र त्याच शहरातील, त्याच परंपरेत वाढलेला अभ्यासक ‘स्वच्छ’, ‘लखलखीत’, ‘नवा कोरा’ या विशेषणांपलीकडे जात नाही. दोन इमारतींमधले अंतर चालत ओलांडता येते. विचारात ते ओलांडले गेलेले नाही.

मुंबईच्या नॉयरचे उदाहरण घ्यावे. राज खोसला दिग्दर्शित, गुरुदत्त निर्मित ‘सी. आय. डी.’ (१९५६) हा देव आनंद यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २०२३ साली पुनःस्थापित स्वरूपात देशातील अनेक शहरांच्या चित्रपटगृहांत दाखविला गेला. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती. या चित्रपटाचा अर्थ त्याच्या अंधारात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चेहऱ्याचा किती भाग काळोखात बुडावा, भिंतीवरची सावली करडी असावी की गडद, हे कृष्णधवल छायालेखनात केवळ चित्रीकरणाच्या वेळी ठरत नाही. निगेटिव्हवरून प्रत काढताना प्रयोगशाळेत किती प्रकाश दिला यावरही ते ठरते. मूर्ती २०१४ साली निवर्तले. त्यानंतर संगणकापुढे बसून काळोखाची मात्रा ठरविणारा माणूस संपादकाचे काम करीत असतो. त्याने ते उत्तम केले असेलही. परंतु कोणत्या प्रतीवरून केले, कोणत्या रिळाचा तुकडा दुसऱ्या प्रतीतून घेतला, कोठे अनुमानाने भर घातली, हे सांगणारी टीप प्रेक्षकाच्या हाती साधारणतः येत नाही. हाती येतो तो केवळ ‘फोर-के’ हा मंत्र. हे म्हणजे पोथीचा कागद किती गुळगुळीत आहे यावरून तिच्या पाठाची विश्वसनीयता ठरविण्यासारखे झाले.

याच राज खोसला यांनी राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी रहस्यपटावरून ‘मेरा साया’ (१९६६) केला. हिंदी कृती सर्वतोमुखी झाली. मराठी कृतीच्या प्रतींचा पाठपुरावा करावा असे किती मराठी विभागांना वाटले?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांचा अमोल साठा नष्ट झाला; उरलेल्या ॲसिटेट फिती आंबूस वासासह आक्रसत, विरघळत आहेत. अशा वेळी पाठभेदांची चिकित्सा ही चैन नव्हे काय? आधी वाचवा, मग टिपा लिहा, असे म्हणणाऱ्यांची तळमळ खोटी नाही. परंतु वाचविणे आणि बदलणे या दोन क्रिया एकाच यंत्रावर, एकाच हाताने होत असताना ‘मग’ हा काळ कधी उगवतच नाही. शिवाय आपत्तीतून वाचलेल्या ग्रंथाचे काय करायचे, हे अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरने सातशे वर्षांपूर्वी दाखविले आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी धामधुमीत हरवली, तेव्हा महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, एकाच लीळेचे निरनिराळे पाठ, कोणाची कोणती वासना हे सांगत, जतन केले. सगळे पाठ गाळून एक चकचकीत लीळा ठेवावी, असे त्यांना वाटले नाही.

प्रतिमेतील ‘कण’ आणि प्रतीवरील ‘धूळ’ यांची गल्लत तर सर्वांत घातक. धूळ, ओरखडे, फाटलेली छिद्रे हा प्रतीचा इतिहास आहे. चांदीचे कण ही प्रतिमेची काया आहे. संगणकीय गाळणी कणांनाही दोष समजते आणि नायिकेच्या कांतीला मेणाची झिलई देते. तेल्हाऱ्याच्या वाचकाला हे वेगळ्या भाषेत सहज कळेल. त्या तालुक्यातील हिंगणीचे विठ्ठल वाघ ज्या वऱ्हाडीत लिहितात, तीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’. मुद्रितशोधकाने ‘य’ला चूक मानून ‘ळ’ बसविला, तर पान शुद्ध होईल आणि बोली मरेल. तो मुद्रितशोधक दुष्ट नसतो. भाषेतला कण त्याला धूळ वाटतो, एवढेच.

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी आज चित्रपटाचा अभ्यास करू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मोठ्या पडद्यावरची फीत पाहायला मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. त्याच्यासाठी घरगुती प्रत हाच चित्रपट. पूर्वी फिरत्या तंबूत झिजलेली, तुटून जोडलेली रिळे येत, तेव्हा मध्येच उडालेला प्रसंग पाहून आपल्यापुढची प्रत अपुरी आहे हे प्रेक्षकाला निदान उमगत असे. नव्या प्रतीची निर्दोषता ही जाणीवच पुसून टाकते. छायाप्रकाशाच्या चिन्हव्यवस्थेवर तो विद्यार्थी पन्नास पाने लिहितो आणि त्यांतली वीस कदाचित गाळणीच्या कर्तृत्वावर असतात. त्याला दोष देता येत नाही. विद्यापीठीय प्रबंधांच्या संदर्भसूचीत चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक आणि वर्ष यांसाठी जागा असते. प्रत कोणती, कोणी सिद्ध केली आणि केव्हा, यासाठी अजून रकानाच नाही.