शालेय वार्षिकाचा संपादक कोण?

बंगळूरच्या एखाद्या जुन्या इंग्रजी शाळेचे वार्षिक उघडून पाहिले, तर त्याची रचना बहुधा ठरलेली आढळते. प्रारंभी मुख्याध्यापकांचा अहवाल, मग छातीवर बिल्ला लावलेल्या विद्यार्थिप्रतिनिधींचे छायाचित्र, गुणवंतांची नामावली, क्रीडास्पर्धांचा वृत्तांत, त्यानंतर इंग्रजी लेख व कविता; आणि अगदी अखेरीस, जाहिरातींच्या अलीकडे, कन्नड, हिंदी व क्वचित संस्कृत किंवा तमिळ यांची थोडी पाने. संपादक मंडळात विद्यार्थ्यांची नावे असतात खरी, परंतु काय छापावे याचा निर्णय बहुधा शिक्षकांच्या खोलीतच झालेला असतो. नेतृत्व, प्रकाशन आणि सन्मान ही शालेय जीवनाची तीन अंगे अशा रीतीने एका पुस्तिकेत बांधली जातात. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने या पुस्तिकेची दखल क्वचितच घेतली आहे. ती घ्यावयास हवी. कारण या तीन अंगांपैकी विद्यार्थ्याच्या हाती खरा अधिकार देता येण्याजोगे अंग प्रकाशनाचे आहे, आणि बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरात तो अधिकार भाषेच्या प्रश्नाशी निगडित आहे.

शालेय नेतृत्वाच्या प्रचलित कल्पनेचे मूळ इंग्लंडातील रग्बी येथे सापडते. टॉमस अर्नोल्ड हे १८२८ ते १८४२ या काळात तेथे मुख्याध्यापक होते. वरच्या वर्गातील मुलांवर धाकट्यांच्या शिस्तीची व नीतीची जबाबदारी टाकण्याची पद्धत त्यांनी दृढ केली. त्यांच्या हाताखाली शिकविलेले जॉर्ज कॉटन पुढे मार्लबरो येथे गेले, तेथे त्यांनी प्रिफेक्टांची व्यवस्था उभी केली, आणि १८५८ मध्ये ते कलकत्त्याचे बिशप झाले. १८६५ मध्ये बंगळूरला स्थापन झालेली शाळा त्यांचेच नाव धारण करते. प्रिफेक्ट, हाऊस, कॅप्टन हा सारा शब्दसंभार या परंपरेचा आहे, आणि आज तो कन्नड व मराठी शाळांतही बिनदिक्कत रुळला आहे. या व्यवस्थेत काही गुण नाहीत असे नव्हे. मात्र तिच्यातील अधिकार वरून आलेला असतो. प्रिफेक्ट मुख्याध्यापकांचा प्रतिनिधी असतो, मुलांचा नव्हे.

याच शाळेच्या इतिहासात एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. १८७० च्या दशकात तिची धुरा जी. यू. पोप यांच्याकडे होती. पुढे १८८६ मध्ये ‘तिरुक्कुरळ’ आणि १९०० मध्ये ‘तिरुवाचकम्’ यांचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारे थोर तमिळ पंडित ते हेच. एवढा मोठा भाषाप्रेमी मुख्याध्यापक लाभूनही त्या प्रकारच्या विद्यालयांची घडण इंग्रजीच राहिली. तमिळचे प्रेम हा पोप यांचा व्यक्तिगत व्यासंग होता. शाळेचा साचा निराळ्याच कारणांनी ठरत होता.

आता याच नगरातील दुसरे उदाहरण घ्यावे. बसवनगुडीचे नॅशनल हायस्कूल १९१७ मध्ये, ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने सुरू झाले. गौरीबिदनूर भागातील एका खेड्यातून १९३५ मध्ये पायी चालत बंगळूरला येऊन एच. नरसिंहय्या या शाळेत दाखल झाले. १९३६ मध्ये गांधीजी बंगळूरला आले असता त्यांच्या हिंदी भाषणाचा कन्नड अनुवाद करण्याचे काम या विद्यार्थ्यावर सोपविण्यात आले. नरसिंहय्या पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या दिवशी त्यांच्याजवळ जो अधिकार होता तो बिल्ल्याचा नव्हता. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून कोणता शब्द पुढे न्यावा हे त्या क्षणी त्यांनीच ठरवावयाचे होते. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकालाही तेथे हस्तक्षेप करण्यास अवसर नव्हता.

मराठी वाचकाला येथे अमळनेरची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले, आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. या दैनिकाचा गौरव करताना एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही: ते प्रामुख्याने गुरुजींच्याच लेखणीतून उतरत असे. म्हणजे तेथेही संपादक शिक्षकच होता. तरीही रग्बीच्या परंपरेशी त्याचे साम्य नाही. अहवाल हा त्या दैनिकाचा हेतू नव्हता; सकाळी उठल्यावर मुलांनी आपल्या भाषेत काही वाचावे एवढाच तो होता, आणि वाचता वाचता आपणही असे लिहू शकू, ही जाणीव मुलाच्या मनात उत्पन्न होण्यास तेवढे पुरेसे असते. महाराष्ट्रातील शाळाशाळांतून पुढे जी हस्तलिखिते निघत राहिली, त्यांचे मोल अशाच जाणिवेत शोधावे लागेल.

सन्मानाची गोष्ट थोडक्यात आटोपता येईल. मॅट्रिकच्या परीक्षेतील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची सर्वोच्च आकांक्षा होती. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. ती संस्कृतसाठी होती, मराठीसाठी नव्हे. कर्नाटकात गोकाक समितीने १९८१ मध्ये माध्यमिक स्तरावर कन्नडला १५० गुणांची प्रथम भाषा करण्याची शिफारस केली, आणि त्यावरून १९८२ मध्ये मोठे आंदोलन झाले. गुणांचा आग्रह अनाठायी नव्हता. तथापि गुणपत्रिकेत भाषेला स्थान मिळाले म्हणून वार्षिकातील तिचे स्थान बदलतेच असे नाही.

मुलांचे लेखन बाळबोध असते, शाळेच्या नावाला शिक्षकच उत्तरदायी असतात, तेव्हा निवड त्यांनीच करावी, असा आक्षेप यावर घेतला जाईल. एकभाषी शाळेपुरता तो मान्यही करता येईल. बंगळूरच्या वर्गात मात्र कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, कोकणी अशी घरे असलेली मुले शेजारी शेजारी बसतात, आणि या साऱ्या भाषा जाणणारा शिक्षक सहसा कोणत्याही शाळेत नसतो. तेव्हा एखादी तेलुगू कविता किंवा मराठी कथा घेण्याजोगी आहे की नाही, हे एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारावे लागेल आणि त्याचा शब्द मानावा लागेल. आज यावर जो तोडगा निघतो तो सोपा आहे: ती कविता वगळली जाते. शिक्षकाला जे वाचता येत नाही ते छापायचे नाही, या एका अलिखित नियमामुळे विद्यार्थ्याचा अधिकार व त्याची भाषा दोन्ही एकदमच बाहेर राहतात.

हे नगर अनेक भाषांना नवखे आहे असेही नाही. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजीराजांच्या येथील दरबाराशी निगडित आहे, आणि त्यात अनेक भाषांतील पद्ये एकत्र आली आहेत. राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो दीर्घ प्रस्तावनेसह छापला, म्हणून तो अभ्यासकांच्या हाती आहे. शालेय वार्षिके व हस्तलिखिते मात्र शाळेच्या कपाटात राहतात, आणि इमारतीची डागडुजी निघाली की रद्दीत जातात. विद्यापीठांच्या भारतीय भाषा विभागांनी आपल्या परिसरातील शाळांकडे ती मागितली, तर बऱ्याच शाळा ती आनंदाने देतील. मागावयास जाणाऱ्याने एवढे करावे की, संपादक मंडळाच्या यादीतील विद्यार्थ्यांच्या नावांपुढे त्यांनी खरोखर काय निवडले व काय नाकारले, याचीही चौकशी करून नोंद ठेवावी.