सोमवारी सकाळी दहा वाजता

2000 साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. 15 वर्षांची सेवा अथवा वयाची 40 वर्षे पूर्ण असावीत. मोबदला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 60 दिवसांचे वेतन किंवा उर्वरित सेवाकाळाचे वेतन, यांतील कमी असेल तो. मीही अर्ज भरला होता. कारण सांगावयास आजही संकोच वाटतो : उमेदीची वर्षे खतावणीत गेलेल्या मला संगणकाची धास्ती वाटत होती. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “सोमवारी सकाळी दहा वाजता कोठे जाणार?” अर्ज खणातच राहिला. पुढे माझ्याहून 15 वर्षांनी लहान असलेल्या लिपिकाकडून मी संगणक शिकलो.

माझ्या एका सहकाऱ्यांनी मात्र रक्कम घेतली आणि सारीच्या सारी कापडाच्या दुकानात घातली. दोन वर्षांत भांडवल उधारीत अडकले. अखेर व्यापाऱ्यांच्या वह्या लिहून त्यांनी घर सावरले. ती विद्या मुळात हाती होतीच.

आता पिढीजात दुकान मिटवून नवा व्यवसाय धरू पाहणारे तरुण सल्ल्यासाठी येतात. मी प्रथम विचारतो, गल्ल्याला हात न लावता घरखर्च किती महिने चालेल? परवा एकाने कागदावर सहा लिहिले, क्षणभर थांबला, आणि खोडून दोन केले. मग आम्ही पहिल्यापासून हिशेब मांडावयास बसलो.