चांगलं वर्ष नक्की कुणाचं?

तुर्भ्याच्या फळबाजारात एका गाळ्यावर मी हिशेब लिहितो. सध्या द्राक्षाचा हंगाम आहे. पहाटे गाड्या लागतात, क्रेट उतरतात, माल गेला की मी पट्टी करतो. शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं. संपलं.

परवा भाचा फ्रान्सहून बोर्डोची रेड वाइन घेऊन आला. मी पीत नाही, पण लेबल मात्र वाचत बसलो. धंद्याची सवय! द्राक्षाचं साल २०१६, गावाचं नाव, आणि बाटली त्याच मळ्यावर भरल्याचा शेरा. भाचा म्हणाला, "मामा, ह्याच मळ्याची २०१३ ची बाटली खूप स्वस्त मिळते." का? तर २०१३ ला तिकडे वसंत थंड आणि पावसाळी गेला, फुलोरा गळला, घड नीट पिकलेच नाहीत. २०१६ ला उन्हाळा कोरडा, काढणीच्या वेळी रात्री गार. म्हणजे गिऱ्हाईक त्या वर्षीच्या हवेचे पैसे मोजतं!

तिकडे चांगलं वर्ष आलं की भाव चढतो. आपल्याकडे चांगलं वर्ष आलं की आवक वाढते आणि भाव पडतो.

आपल्या नाशिकच्या वेलीला वर्षात दोनदा कात्री लागते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. त्यानंतरचे चार-साडेचार महिने शेतकरी आभाळाकडे बघत काढतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली, बागा झोडपून निघाल्या. त्या हंगामाच्या पट्ट्या मी लिहिल्यात. त्यात गारांचा उल्लेख कुठेच नाही. फक्त वजन कमी दिसतं.

कुणी म्हणेल, वाइन वीस वर्षं टिकते, द्राक्ष आठ दिवसांत सुकतं, तुलनाच चूक. बरोबर आहे. आणि बोर्डोतही सगळं आलबेल नाही. एप्रिल २०२१ च्या थंडीत तिथली कोवळी फूट जळाली, अलीकडे तर सरकारी मदत घेऊन वेली उपटणारे शेतकरीही आहेत. मी वाइनचं कौतुक करत नाहीये, लेबलचं करतोय. तेही आपोआप आलेलं नाही. दुसरीकडचा माल नावाजलेल्या गावाच्या नावावर खपवणारे व्यापारी तिकडेही होतेच. शेवटी १९३५ साली फ्रान्सने कायदा केला, की त्या गावचं नाव त्या गावच्याच द्राक्षाला.

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ! एक बाजू म्हणे शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र. पण आपण रोज खातो त्या द्राक्षाचं काय? ते कुठल्या गावचं, कधी तोडलेलं, हे गिऱ्हाइकाला कळावं असं कुणालाच वाटलं नाही.

आणि हे जमत नाही असंही नाही. युरोपला जाणारं द्राक्ष अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदवावं लागतं. पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोचता येतं, औषधाचे अंश तपासले जातात. २०१० साली लिहोसीनच्या अंशापायी आपला माल युरोपात अडकला, तेव्हा ते नियम किती कडक आहेत ते सगळ्यांना कळलं. म्हणजे त्याच तालुक्यातल्या द्राक्षाचं मूळ तिकडच्या माणसाला सापडतं आणि तुर्भ्याहून माल नेणाऱ्या कोपरखैरण्याच्या फळवाल्याला नाही. हा कुठला न्याय?

आमच्याच बाजारात हापूसची पेटी बघा. "देवगड" लिहिलं की भाव वेगळा. म्हणून तर कर्नाटकचा आंबा त्याच नावाने खपवायचे उद्योग चालतात. नावाला किंमत असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मागणी साधी आहे. इथे येणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक क्रेटवर गाव, वाण आणि तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करा. पट्टीवरही तेच छापा. एका दिवसात भाव वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण चार हंगाम गेले की गिऱ्हाईक गावाचं नाव घेऊन माल मागेल, आणि गारांनी मार खाल्लेल्या वर्षाची कुठेतरी नोंद राहील.

तोवर मी नुसतं वजन लिहीत राहणार.