डोक्याच्या धक्क्यांचाही हिशेब हवा

वर्ध्याहून आर्वीला जाणाऱ्या एसटीत तुम्ही उभे आहात आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबते, तुम्ही मात्र पुढे झेपावता. हे जडत्व तुम्ही पुस्तकात शिकलाच आहात. कवटीतला मेंदू हा असाच एक उभा प्रवासी समजा. कबड्डीत पकड होताना डोके जमिनीवर आदळले, की कवटी थांबते. आतला खरवसासारखा मऊ मेंदू लगेच थांबत नाही. डोके गर्रकन फिरले तर आणखी वाईट, कारण मग मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. (हेल्मेट कवटी वाचवते, म्हणून दुचाकीवर ते हवेच, पण आतली ही हालचाल ते पुरती थांबवू शकत नाही.)

मुष्टियोद्धे पुढे अडखळत चालू लागतात, हे अमेरिकेतील डॉ. मार्टलंड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले होते. २००२ साली माइक वेबस्टर हा अमेरिकी फुटबॉलपटू पन्नासाव्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात टाऊ नावाचे प्रथिन साचलेले दिसले. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सिफॅलोपॅथी, म्हणजेच सी.टी.ई., तो हा रोग. त्याचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. जिवंतपणी तो ओळखता यावा यासाठी रक्ताच्या आणि मेंदूच्या चित्रणाच्या चाचण्यांवर काम चालू आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो संशोधनाचा दुसरा ओघ. २०२३ साली ६३१ दिवंगत अमेरिकी फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोगाचे नाते जुळले ते डोक्याला बसलेल्या लहानमोठ्या सगळ्या धक्क्यांच्या बेरजेशी. भोवळ आणणाऱ्या मोठ्या दुखापती किती झाल्या, याच्याशी नव्हे.

म्हणूनच आपल्याकडचे "काही नाही झाले, माती झटक, ऊठ!" मला साफ नामंजूर आहे. कबड्डीने हा रोग होतो असे मी म्हणत नाही. पण बेरीजच मांडली नाही तर कळणार कसे? हिंगणघाट असो की देवळी, सामन्याचे गुण लिहायला एक जण बसलेला असतोच. त्याच टेबलावर दुसरी वही ठेवा : तारीख, खेळाडू, डोके कशावर आदळले. सरावातही ती वही हवी, कारण सामन्यांपेक्षा सरावाचे दिवस जास्त. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची सोय केली. आपले राखीव खेळाडू तर बाकावर बसलेलेच असतात. भोवळ आलेल्याला त्या दिवशी पुन्हा चढाईला पाठवू नका. उलट्या होऊ लागल्या, बोलणे अडखळले, तर त्याला तडक जवळच्या मोठ्या दवाखान्यात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असलात तरीही.