रक्तात जे नको, ते कोण मोजणार?

कॉलेजातल्या रक्तदान शिबिरात बोटाला सुई टोचून आमचं हिमोग्लोबिन तपासलं. माझं १२.८ आलं. "छान आहे," ताई म्हणाल्या. घरी जाताना मनात आलं, रक्तात काय कमी आहे ते आपण मोजतो. पण जे असायलाच नको, ते कोण मोजतं?

उदाहरणार्थ शिसं. शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते कायमचं बाधू शकतं. मूल आजारी दिसत नाही, फक्त अभ्यासात मागे पडतं. मग आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

१९९८-९९च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिल्ली आणि मुंबईतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. बहुतेकांत ते दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं. आज एवढं शिसं सापडलं, तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशातल्या मुलांचंही रक्त घेतलं, पण फक्त हिमोग्लोबिनसाठी.

कुणी म्हणेल, पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, आता काय? पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं, भिंतींचा जुना रंग, हळदीला चमक आणणारं लेड क्रोमेट हे सगळं आहेच. भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असावं, असं युनिसेफचा २०२०चा अहवाल सांगतो. पण हा अंदाज आहे. ग्वाल्हेरच्या कुठल्या गल्लीतली भट्टी हलवायची, ते अंदाजावरून ठरत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अंगणवाडीत, शाळेत हिमोग्लोबिन तपासताना त्याच टोचणीत शिसंही तपासा. बोटाच्या त्वचेवरचं शिसं थेंबात मिसळू शकतं, म्हणून आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करा. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, म्हणजे या दोन तपासण्या तशाही एकत्रच हव्यात. खर्च होईल, मान्य. पण नुसता अशक्तपणा मोजून आपण अर्धीच गोष्ट ऐकतोय.

१९८४नंतर भोपाळच्या वायुपीडितांना आपला आजार त्या रात्रीचाच आहे, हे वर्षानुवर्षं सिद्ध करत बसावं लागलं. ज्याची वेळेवर नोंद होत नाही, ते सिद्ध करायचं ओझं शेवटी सोसणाऱ्यावरच पडतं. आपल्या राज्याने तरी हे विसरू नये.