उलट गहाण आणि वृद्धांची आशा

गहाण हा शब्द कानीं पडतांच वृद्ध शेतकऱ्याच्या कपाळीं आठी पडते, यांत त्याचा दोष नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील रयतेनें सावकारांचीं कर्जखतें जाळलीं आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ स्वतंत्र कायदा करावा लागला. गहाणापायीं जमिनी गेल्याच्या गोष्टी ज्यांनीं आजोबांच्या तोंडून ऐकल्या, ते सहीपूर्वीं दहा वेळां विचार करणारच.

तथापि गहाणाचा एक निराळा प्रकार आपल्या देशांत सुरू झाला आहे. २००७ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पांत त्याची घोषणा झाली व नॅशनल हाउसिंग बँकेनें त्याचे नियम घालून दिले. साठ वर्षांवरील मनुष्याचें स्वकष्टार्जित, निर्वेध हक्काचें व स्वतःच्या राहण्याचें घर बँक तारण घेते आणि त्यास ठराविक मुदतीपर्यंत दरमहा रक्कम देते. हयातींत हप्ता फेडावयाचा नाहीं. पतिपत्नी दोघे कर्जदार असल्यास मागें राहिलेल्याचाहि मुक्काम त्याच घरांत राहतो. पश्चात् वारसांनीं कर्ज फेडून घर सोडवावें, अथवा घर विकून देणें भागल्यावर उरेल तें त्यांनीं घ्यावें. या रकमेवर प्राप्तिकर नाहीं, असें २००८ सालीं कायद्यानें ठरलें. शेतजमीन व वडिलार्जित वाडा यांत बसत नाहीं. तालुक्याच्या गांवीं स्वतःच्या कमाईनें बांधलेलें घर मात्र बसूं शकतें.

असें असतां वृद्ध मंडळी मागें कां सरतात? आमच्या मतें समजावणाऱ्यांची रीतच चुकते. “म्हातारपणीं कोण पाहणार? दुखणें आलें तर पैसा कोठून आणाल?” अशी सुरुवात होते. ऐकणाऱ्यास त्यांत आपल्या मुलांची निंदा दिसते आणि आपल्या मरणाचा हिशेब चाललेला दिसतो. मग तो दार लावून घेतो. भय दाखविल्यानें मनुष्य हातचें अधिकच घट्ट धरतो.

शेतकरी मुळांत भित्रा नव्हे. पावसाचा भरंवसा नसतां दर मृगांत तो घरांतलें धान्य मातींत टाकतो, तें पुढील पीक डोळ्यांपुढें असतें म्हणून. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या समजुतीमुळें त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढें तोच नांगर गांवोगांव गेला, कारण खोल नांगरटीचा लाभ शेतांत दिसूं लागला. वृद्धासहि असेंच पीक दाखविलें पाहिजे: पावसाळ्यापूर्वीं कौलें बदलतां येतील, घरधनिणीच्या गुडघ्यांवर उपचार होईल, मुलाकडे गेल्यास नातवाच्या हातावर स्वतःचे दोन पैसे ठेवतां येतील. अशा आशेनें तो हिशेब ऐकावयास बसतो.

मात्र आशा आणि आमिष यांत अंतर आहे, आणि तें आंकड्यांनींच ओळखावें. दरमहा ५,००० रुपये घेतले आणि व्याज दरसाल १० टक्के, महिन्याच्या चक्रवाढीनें धरलें, तर १५ वर्षांत हातीं येतात ९ लाख आणि देणें होतें सुमारें २० लाख ७० हजार. हा आंकडा जो प्रथमच सांगत नाहीं, त्याच्या गोड बोलण्यास भुलूं नये. घराची किंमत याहून पुष्कळ अधिक असेल आणि मुलांचे संसार दुसरीकडे स्थिर झाले असतील, तर व्यवहार विचारांत घेण्याजोगा आहे. मुलगा त्याच घरांत राहत असून त्यास दुसरा निवारा नसेल, तर त्या वाटेस जाऊं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

पहिलें पाऊल लहान व परत घेतां येण्यासारखें असावें. गांवठाणांतील घरांस मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झाली. ज्यांच्या गांवीं मोजणी झाली आहे त्यांनीं ती पत्रिका हातीं घ्यावी. पुढें कर्ज काढो वा न काढो, हक्काचा कागद कामासच येतो. नंतर बँकेकडून व्याजाचा दर व घराची किंमत लिहून घ्यावी, आणि मुलगे व मुली या दोघांसहि समोर बसवून ती वाचावी.

सहकारी सोसायट्यांच्या चालकांस आमची एवढीच विनंती आहे. वृद्धाच्या ओट्यावर जाल तेव्हां त्याच्या मरणाची गोष्ट काढूं नका. येत्या पांच वर्षांत त्यास काय करावयाचें आहे, हें आधीं विचारा. तो सांगेल त्याचा खर्च त्याच्यासमोर मांडा. मग व्याजाचा आंकडा मांडा. आणि निर्णय त्याचा त्यास करूं द्या. ज्यानें जन्मभर स्वतःच्या जबाबदारीवर पेरणी केली, त्यास एवढा मान मिळणें उचितच आहे.