चूक जिभेची की कानाची?



बेकरीच्या काचेमागे चंद्रकोरीच्या आकाराचा, पापुद्रे सुटलेला एक पदार्थ ठेवलेला असतो. पुढे पाटी असते : सी-आर-ओ-आय-एस-एस-ए-एन-टी. पदार्थ खावासा वाटतो, खिशात पैसेही असतात, पण मागायचा कसा? ‘क्रॉइसंट’ म्हणावे तर शेजारचा हसेल अशी भीती वाटते. मग आपण बोट दाखवून ‘हे एक द्या’ म्हणतो, नाहीतर मुकाट्याने खारी घेऊन घरी येतो. हा संकोच तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. तो खरोखर आवश्यक आहे का, याचा आज जरा शास्त्रीय दृष्टीने विचार करू.

प्रथम अक्षरांचे पाहू. अक्षर म्हणजे ध्वनी नव्हे, ती ध्वनीची खूण आहे. कोणत्या खुणेचा कोणता ध्वनी हे प्रत्येक भाषा आपापले ठरवते. ‘सी’ आणि ‘एच’ ही अक्षरे शेजारी आली की स्पॅनिश माणूस ‘च’ वाचतो, फ्रेंच माणूस बहुधा ‘श’ वाचतो आणि इटालियन माणूस ‘क’ वाचतो. म्हणून भाजलेल्या पावावर टोमॅटो घातलेल्या इटालियन पदार्थाचे नाव ‘ब्रुस्केत्ता’ आहे. इंग्रजी बोलणारेसुद्धा सर्रास ‘ब्रुशेटा’ म्हणतात. फ्रेंच भाषेत शब्दाच्या शेवटची बरीच व्यंजने काही शतकांपूर्वीच बोलण्यातून गळाली, पण लिहिण्यात तशीच राहिली. त्यामुळे पाटीवरचा शेवटचा ‘टी’ मुका आहे आणि उच्चार साधारण ‘क्रोआसाँ’ असा होतो. यात हसण्यासारखे काही नाही. आपणही ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही. ‘चकली’ आणि ‘चिवडा’ या दोन्ही शब्दांत ‘च’ एकच लिहितो, पण तो दोन तऱ्हांनी उच्चारतो. परक्या माणसाला हे पाटी वाचून कसे कळावे?

आता कानाचे पाहू. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी 1984 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना ओळखता आला. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांची ही क्षमता मात्र टिकून होती. याचा अर्थ असा, की पहिला वाढदिवस येण्यापूर्वीच आपला कान घरच्या भाषेसाठी घडू लागतो. घरात ज्या भेदाचा उपयोग नाही त्याकडे तो लक्ष देईनासा होतो. पुढे सरावाने परके ध्वनी शिकता येतात, पण कष्ट पडतात. तेव्हा फ्रेंच माणसाचा घशातला ‘र’ तुम्हाला जमला नाही, तर तो बुद्धीचा दोष नाही आणि संस्काराचाही नाही. तुमच्या कानाने बालपणी आपले काम चोख केले, इतकेच ते सिद्ध करते.

म्हणूनच परका शब्द घरात आला की प्रत्येक भाषा त्याला आपले कपडे चढवते. जपानी माणूस आइस्क्रीमला ‘आइसुकुरीमु’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत दोन व्यंजने अशी लागून येत नाहीत. पोर्तुगीज लोक पावाला नाकातून जो शब्द उच्चारतात, त्याचा जपानी भाषेत ‘पान’ झाला आणि आपल्याकडे ‘पाव’ झाला. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. म्हणजे गाडीवर उभे राहून आपण वडापाव मागतो तेव्हा एका अर्थी परदेशी शब्दच उच्चारत असतो! तेथे कोणी लाजतो का? नाही, कारण हे शब्द आपले झाले आहेत. जिभेने शब्दाला दिलेले वळण ही चूक नव्हे. भाषा अशाच वाढतात.

मग क्रोआसाँपाशीच जीभ का अडखळते? येथे प्रश्न ध्वनिशास्त्राचा राहत नाही, प्रतिष्ठेचा होतो. तमिळ लोक ‘दोसै’ म्हणतात, आपण खुशाल ‘डोसा’ म्हणतो आणि कोणाचे कान लाल होत नाहीत. इंग्रजांनी तमिळ भाषेतल्या ‘मिळगु तण्णीर’ म्हणजे मिरीच्या पाण्याचे ‘मलिगाटॉनी’ केले आणि ते नाव ऐटीत आपल्या भोजनपत्रिकेत छापले. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. जो समाज वरचढ मानला जातो त्याच्या शब्दाचा उच्चार चुकला की आपण शरमतो, आणि आपण दुसऱ्याचा शब्द मोडला की ती सवय म्हणून सोडून देतो. ही मोजपट्टी खोटी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

या मोजपट्टीने केवळ हसूच होते असे समजू नका. 1937 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेवरून हजारो हैतीवासीयांची कत्तल झाली. ती ‘पार्सलीची कत्तल’ म्हणून ओळखली जाते. पार्सली म्हणजे कोथिंबिरीसारखी एक भाजी. तिला स्पॅनिशमध्ये ‘पेरेहिल’ म्हणतात. सैनिक जुडी दाखवून नाव विचारत आणि ज्याला स्पॅनिश ‘र’ जमत नसे त्याला परका ठरवत, असे सांगितले जाते. हैतीच्या लोकांचा ‘र’ घशातून येतो, स्पॅनिश ‘र’ जिभेच्या टोकाने होतो. भेद एवढाच!

आपल्या वर्गात कोणाच्या जिवावर बेतत नाही हे खरे. पण डबा उघडून एखादी मुलगी ‘लोनचं घे’ म्हणाली की मागच्या बाकावर खसखस पिकते. तिच्या घरी, तिच्या गावी सर्वजण ‘न’ म्हणतात. तिचा कानही पहिल्याच वर्षी घडला आहे. दोनचार वेळा हसे झाले की ती डबा पुढे करत नाही, आणि पुढे वर्गात प्रश्नही विचारत नाही. एका ‘ण’पायी एक विद्यार्थिनी मुकी होते. हे नुकसान फार मोठे आहे.

तुम्ही विचाराल, मग उच्चार कसाही केला तर चालेल का? तसे नाही. प्रमाण मराठीतला ‘ण’ शिकावा, परीक्षेत आणि सभेत त्याचा उपयोग आहे. पण तो शिकवावा, थट्टा करून लादू नये. परदेशी पदार्थांबाबत मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. मराठीत रुळलेला शब्द मराठीसारखा बिनदिक्कत उच्चारा. नव्या शब्दाचा उच्चार माहीत नसेल तर सरळ विचारा, ‘याला काय म्हणतात हो?’ आणि पदार्थ ज्यांच्या घरचा आहे ते समोर असतील तर त्यांच्यासारखा म्हणण्याचा एकदा तरी प्रयत्न करा. जमला नाही तरी त्यांना आनंद होतो. हिंदी भाषिक मित्राने ‘मिसल’ सोडून ‘मिसळ’ म्हणण्याची खटपट केली की आपल्याला होतो तसाच.

शिक्षकांना एक विनंती. एखाद्या तासाला मुलांकडून त्यांच्या घरच्या पाच पदार्थांची नावे, घरी म्हणतात तशीच, म्हणवून घ्या. जीभ कोठे टेकते ते प्रत्येकाने स्वतः तपासावे : दातांना, टाळूला की कोठेच नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य हे व्याकरणातले रूक्ष शब्द त्या दिवशी जिभेवर जिवंत होतील. आणि हसू आलेच, तर ते एकमेकांना नव्हे, या विलक्षण ध्वनियंत्राच्या करामतीला येईल.